सत्तर रुपयांची आयसी आणि साडेसहा हजारांचं बिल

इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन घेतलेल्या मुलाची नातेवाइकांत एकच ओळख असते. "हा इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? मग आमचा मिक्सर बघ जरा!" आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेलं दुसरं वाक्य, "अरे, साउंड सिस्टीम तर तू घरीच बनवशील की! बाहेर कशाला एवढे पैसे घालायचे?" मिक्सरचं एक वेळ ठीक आहे हो, पण हे दुसरं वाक्य जरा धोक्याचं. कारण त्याच्यावर नातेवाइकांचाच नाही, तर आपलाही विश्वास असतो. घरचं जेवण हॉटेलपेक्षा स्वस्त, घरी शिवलेली पिशवी दुकानातल्या पिशवीपेक्षा स्वस्त, मग घरी बनवलेला अँप्लिफायरही स्वस्तच पडणार, असं आपण धरूनच चालतो.

दरवर्षी सेकंड इयरची दोन-चार मुलं हजार रुपये खिशात घालून येतात आणि विचारतात, "हजारात होईल ना बे?" आता हे हजार रुपये कुठून येतात ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते, कुणाच्या घरी शेती आणि शेतीला पाणी नाही. त्या हजारात अर्धवट सर्किट तयार होतं, उरलेल्याला पैसे नसतात आणि मग ते सर्किट बुटाच्या खोक्यात बसून वर्षभर धूळ खातं. म्हणून हा लेख. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी एक स्टिरिओ अँप्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी बनवली आणि पै न पै वहीत लिहून ठेवली. खाली जे भाव येतील ते त्या वहीतले आहेत. दुकान बदललं की पाच-पंचवीस रुपये इकडे तिकडे होणारच, पण कुठल्या वस्तूला किती वाटा जातो ते फारसं बदलत नाही, आणि आपल्याला बघायचं आहे ते तेच.

सुरुवात मुख्य हिरोपासून करू. हिरो म्हणजे आयसी. मी वापरली टीडीए २०३०ए. पाच पायांची, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. चार ओहमच्या स्पीकरला साधारण पंधरा वॉट देते, आत शॉर्ट सर्किट आणि जास्त गरम होण्यापासून संरक्षणही आहे. किंमत पस्तीस रुपये. स्टिरिओ म्हणजे दोन लागल्या, सत्तर रुपये. आपले सर ज्या डिफरन्शियल अँप्लिफायर आणि पुश-पुल स्टेजसाठी फळाभर आकृत्या काढतात, ते सगळं सत्तर रुपयांत! एवढं ऐकलं की कुणालाही वाटेल, शंभर-दीडशेत काम झालं. आता उरलेलं बिल वाचा.

आयसी दोन – ७०
पीसीबी, रेझिस्टर, छोटे कपॅसिटर – १२०
ट्रान्सफॉर्मर, १२-०-१२, ३ अँपिअर – ४२०
ब्रिज रेक्टिफायर – ४०
४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर – ९०
हीट सिंक – १६०
डबल व्हॉल्यूम कंट्रोल – ४०
सॉकेट, टर्मिनल, स्विच, फ्यूज होल्डर, थ्री-पिन कॉर्ड, नॉब – २७५
पत्र्याची कॅबिनेट – ४५०
मायका, हीट सिंक पेस्ट, वायर, स्क्रू, स्पेसर – १३०
ब्लूटूथ-यूएसबीचं तयार मॉड्यूल – २३०

बेरीज २०२५. त्यात आयसीचा वाटा साडेतीन टक्के. ट्रान्सफॉर्मर आणि कॅबिनेट ही जोडगोळी मिळून त्रेचाळीस टक्के! म्हणजे ज्याच्यासाठी आपण डेटाशीट वाचतो, ज्याच्यावरून हॉस्टेलवर वाद घालतो, ती वस्तू जवळजवळ फुकट आहे, आणि पैसे गेले लोखंड, तांबं आणि पत्र्यात.

असं का होतं? चिपचं उत्तर सोपं आहे. एका सिलिकॉन वेफरवर हजारो चिप एकदम तयार होतात. एक जास्त बनवायला खर्च जवळजवळ नाहीच. तांब्याचं तसं नसतं. फर्स्ट इयरला घोकलेलं सूत्र आठवा, ट्रान्सफॉर्मरचं ईएमएफ म्हणजे ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी, गुणिले वेढे, गुणिले फ्लक्स. आपली फ्रिक्वेन्सी ठरलेली, ५० हर्ट्झ. ती एवढी कमी असल्यामुळे व्होल्टेज मिळवायचं तर एक तर वेढे वाढवा म्हणजे तांबं वाढलं, नाहीतर फ्लक्स वाढवा म्हणजे कोअरचं लोखंड वाढलं. दोन्हीकडून वजनच वाढतं, आणि वजन किलोवर विकत घ्यावं लागतं. तांब्याचा भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर ठरतो. दुकानदार तुमचा सख्खा मामा असला तरी तो तरी काय करणार? उलट कुणी फारच स्वस्तात 'तीन अँपिअर'चा ट्रान्सफॉर्मर देत असेल तर तो हातात घेऊन वजन बघा. हलका लागला की समजायचं, लेबलवर तीन आणि आत दीड.

ट्रान्सफॉर्मरवरून अजून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण इथे पाच रुपये वाचवायला जाऊन आयसी उडते. १२ व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर शिखराला १७ व्होल्ट होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्ट हे पूर्ण लोड असताना असतात. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के वर जातो. त्यात रात्री लाइन २४५ व्होल्ट आली तर? हिशोब करा, दोन्ही बाजूला १९ व्होल्टच्या वर जातं. साध्या टीडीए २०३० ची मर्यादा आहे १८, आणि 'ए' अक्षर असलेलीची २२. तेव्हा ते एक अक्षर बघून घ्यायचं. एसटी कंपनीची मूळ चिप आता सहज मिळतही नाही, दुकानात असतात त्या बहुतेक दुसऱ्या कंपन्यांच्या. म्हणून बोर्डाला आधी कमी व्होल्टेज देऊन बघायचं आणि मगच ट्रान्सफॉर्मर जोडायचा. लॅबमधला डीसी सप्लाय त्यासाठीच आहे.

आता हीट सिंक. हा खर्च खास आपल्या गावाचा आहे म्हणा ना! इंटरनेटवरच्या परदेशी सर्किटमध्ये हीट सिंकचा जो आकार दिलेला असतो तो २५ अंशांच्या खोलीसाठी. सोलापुरात २५ अंश कधी असतात? मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, आणि बंद पत्र्याच्या डब्यात ५५ अंश धरायला हरकत नाही. चार ओहमच्या स्पीकरवर एका आयसीत जास्तीत जास्त १० वॉट उष्णता तयार होते. आतलं जंक्शन १२५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर २५ अंशांच्या खोलीत १०० अंशांचा वाव मिळतो, म्हणजे वॉटमागे १० अंश. त्यातले आयसीच्या आतले ३ आणि मायका-पेस्टचा १ वजा करा, हीट सिंकसाठी उरले ६. हाच हिशोब ५५ अंशांना केला तर वाव ७०, वॉटमागे ७, वजा ४, उरले ३. म्हणजे हीट सिंक निम्म्या रोधाचा हवा, साधारण दुप्पट मोठा. पुस्तकातलं सर्किट जसंच्या तसं केलं तर ते जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मस्त वाजतं आणि एप्रिलमध्ये दर दहा मिनिटांनी गप्प बसतं. आयसी बिचारी स्वतःला वाचवत असते. मायका विसरू नका, कारण या आयसीची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. दोन्ही आयसी एकाच हीट सिंकवर आणि तो हीट सिंक कॅबिनेटला टेकलेला, म्हणजे मायकाशिवाय सगळा पत्राच उणे सप्लायवर.

कॅबिनेटचे साडेचारशे मात्र मनाला लागतात. चार बाजूंनी वाकवलेला पत्रा तो! पण एक नग बनवायचा म्हणजे मापं घेणं, कापणं, भोकं पाडणं, वाकवणं, रंग देणं हे सगळं एका नगासाठी. कारखाना डायवर लाखो रुपये घालतो, पण ती डाय लाखो वेळा दाबतो. आपण एकदाच दाबणार.

इथेच खरी मेख आहे, आणि ती आपल्या गावापुरती नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात हीथकिट नावाची कंपनी होती. १९४७ मध्ये त्यांनी ऑसिलोस्कोपचं किट काढलं. सुटे भाग आणि पुस्तक खोक्यात, जोडायचं तुम्ही. पुढे अँप्लिफायर, रेडिओ, अगदी टीव्हीचीसुद्धा किट निघाली आणि ती तयार मालापेक्षा खरोखर स्वस्त असत. कारण सरळ होतं. त्या काळी कारखान्यातही प्रत्येक वायर माणूसच सोल्डर करायचा, आणि अमेरिकेत माणूस महाग. ती मजुरी तुम्ही घरी बसून फुकट केलीत की तेवढे पैसे वाचले. मग पीसीबी आले, भाग आपोआप लावणारी मशिनं आली, आणि मजुरीचा वाटाच घटत गेला. ज्या गोष्टीत तुम्ही बचत करणार तीच उरली नाही! उलट भाग मोजून पिशव्यांत भरणं आणि पुस्तक छापणं महाग पडायला लागलं. १९९२ मध्ये हीथकिटने किटचा धंदा बंद केला.

आपल्याकडे कारण वेगळं, पण गोष्ट तीच. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पोस्टाचं पुस्तक अजून आहे. घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी फी भरावी लागायची, ती १९८० च्या दशकात गेली. परदेशी डेक, अँप्लिफायर यांच्यावर कस्टम ड्यूटी एवढी की तो गल्फमध्ये काका असलेल्यांचाच विषय. म्हणून मग गावोगाव असेम्बल्ड डेक, असेम्बल्ड अँप्लिफायर बनवणारे मेकॅनिक होते, आणि त्यांचा माल खरंच स्वस्त पडायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, पार्ट्सचे बाजार त्यावरच भरभराटीला आले. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, तयार माल स्वस्त झाला, आणि ते बिचारे मेकॅनिक मोबाइल रिपेअरिंगकडे वळले. तेव्हा "आमच्या वेळी घरी बनवलेलं निम्म्यात पडायचं" असं कुणी काका म्हणाले तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी पडायचंच.

आणि दुसरं टोकही ऐका. १९९९ मध्ये जपानच्या ४७ लॅबोरेटरी या छोट्या कंपनीने गेनकार्ड नावाचा अँप्लिफायर काढला. किंमत हजार डॉलरच्या वर. लोकांनी उघडून बघितलं तर आत एलएम ३८७५, म्हणजे दुकानात मिळणारी साधी चिप आणि तिच्याभोवती मोजून काही भाग! जगभर पोरांनी त्याच्या नकला केल्या आणि त्यांना 'गेनक्लोन' असं नावही पडलं. पण त्यांच्याही बिलात शेवटी ट्रान्सफॉर्मर आणि डबाच भारी पडला, हे सांगायला नको.

आता वॉटबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण पैसे वाया जाण्याची सगळ्यात सोपी जागा ती. कंप्युटर स्पीकरच्या खोक्यांवर 'दोन हजार वॉट पीएमपीओ' असं लिहायची एक काळ पद्धत होती. मागे बघावं तर अडॅप्टर वीस वॉटचा! वीस वॉट आत घेऊन दोन हजार बाहेर टाकणारं यंत्र निघालं असतं तर महावितरणची गरजच राहिली नसती. घरच्या साध्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो असं धरू. पंधरा वॉटला तो जातो जवळजवळ १०० वर. १० बाय १२ च्या खोलीत १०० डेसिबल म्हणजे शेजारचे दार वाजवायला येतात. तीस वॉटचा अँप्लिफायर केला तर किती वाढेल? फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. आणि 'दुप्पट मोठा' वाटायला पाहिजेत दहा डेसिबल, म्हणजे दीडशे वॉट. ट्रान्सफॉर्मर दहापट, हीट सिंक दहापट, बिल… असो.

मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या 'डॉल्बी'ची हौस घरात भागवायला जाऊ नये. (जाता जाता, रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधला खरखराट कमी करण्यासाठी! आवाज कमी करण्यावर नाव कमावलेल्या माणसाचं नाव आपण कशाला दिलंय बघा.)

म्हणजे काय, तर वॉटमध्ये पैसे घालू नका, स्पीकरमध्ये घाला. आवाज हवेत जातो तो शेवटी कागदाच्या कोनमधून. पंधरा वॉटचा बरा अँप्लिफायर आणि पन्नास वॉटचा बरा अँप्लिफायर यांच्यातला फरक साध्या आवाजात ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण स्पीकर बदलला की आजीलासुद्धा कळतं. "आत्ता गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय रे," हे तिचं सर्टिफिकेट आहे, आणि ती आकाशवाणी सोलापूरची जुनी श्रोती आहे.

स्पीकरचं बिल असं. सहा इंची वूफर दोन, ९६०. ट्वीटर दोन, २६०. क्रॉसओव्हरचे कपॅसिटर आणि कॉइल, १४०. लाकूड म्हणजे १८ मिलिमीटरचा एमडीएफ. एक खोकं बाहेरून ३६ बाय २२ बाय २४ सेंटिमीटर, आतली जागा सुमारे १२ लिटर. एका खोक्याला पावणेपाच चौरस फूट लागतो, दोन्ही खोकी आणि वाया जाणारे तुकडे धरून १२ चौरस फूट, पंचाहत्तरच्या भावाने ९००. कापणी-जोडणीचे सुतारकाका ५००. फेव्हिकॉल, स्क्रू, पॉलिश पेपर, रंग ३१०. टर्मिनल आणि वायर १५०. बेरीज ३२२०. इथेही स्पीकरपेक्षा खोकं महाग! पण हे पैसे कारणी लागतात. पातळ प्लायचं खोकं स्वतःच वाजायला लागतं, आणि मग गाणं कुठलंही लावा, प्रत्येक गाण्यात एक पिंप वाजतंय असं वाटतं. सुतार शोधताना डॉल्बीची खोकी बनवणारे बघा. सांधा हवाबंद का पाहिजे ते त्यांना शिकवावं लागत नाही.

खोक्याचं माप अंदाजाने घेऊ नका. कोणत्या वूफरला किती लिटरचं खोकं हवं याचं गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात मांडलं. आज सगळं जग तेच वापरतं. त्यासाठी वूफरचे तीन आकडे लागतात. तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो, ते डोलणं किती पटकन थांबतं, आणि त्याचा ताठपणा किती लिटर हवेएवढा आहे. भारी कंपन्या हे आकडे छापून देतात. पाचशेच्या आतल्या वूफरबरोबर काहीच येत नाही, येतं ते नुसतं पॉलिथिन.

पण ते मोजता येतात, आणि इथे आपण इंजिनिअरिंग कॉलेजात असण्याचा रोख फायदा आहे. फंक्शन जनरेटर, मधे एक हजार ओहमचा रेझिस्टर, स्पीकरवर मल्टिमीटर. फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत न्या, व्होल्टेज जिथे शिखर गाठतं ती पहिली फ्रिक्वेन्सी. शिखराच्या दोन्ही बाजू मोजल्या की दुसरा आकडा. मग कोनवर ठरावीक वजन चिकटवून पुन्हा मोजायचं, शिखर खाली सरकतं, त्यावरून तिसरा. वजन म्हणून नाणं ठेवू नका, स्पीकरचं चुंबक त्याला ओढतं. केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर मोजलेली दहा ग्रॅमची कणकेची गोळी सगळ्यात बेस्ट! मी दोन्ही वूफर मोजले, गणिताने बारा लिटर आले, म्हणून वरची मापं. बाहेरच्या माणसाला एवढ्या मोजमापासाठी लागणारी उपकरणं विकत घ्यायची तर माझं सगळं बिल त्यात बुडून जाईल. आपल्याला ती लॅब असिस्टंटना नीट विचारलं की दुपारभर मिळतात.

खोक्याच्या आत मऊ काहीतरी भरावं लागतं. त्याचं एक काम म्हणजे आत इकडून तिकडे आपटणारा आवाज शोषणं. दुसरं काम जरा गमतीचं. बंद खोक्यात हवा दाबली गेली की तापते आणि जास्त ताठ होते. आत तंतू असले की ती उष्णता तंतू पिऊन टाकतात, हवा मऊ राहते आणि वूफरला खोकं असतं त्यापेक्षा मोठं वाटतं. कागदावर हा फायदा चाळीस टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात बराच कमी मिळतो, पण फुकट मिळतो. बाहेर यासाठी फायबर वूल विकत घेतात. आपल्याकडे काय कमी आहे? जीआय मानांकन मिळालेला टेरी टॉवेल जिथे तयार होतो त्या गावात आपण राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मित्राच्या कारखान्यातून टॉवेलच्या कडेच्या पट्ट्या आणि डागी तुकडे पोतंभर आणले. किंमत शून्य, फक्त त्याला एक कट चहा. बंद खोकं असेल तर सैलसर भरायचं. भोकवालं, म्हणजे पोर्ट असलेलं खोकं असेल तर फक्त भिंतींना लावायचं आणि पोर्टचं तोंड मोकळं सोडायचं.

तर अँप्लिफायर २०२५, स्पीकर ३२२०, एकूण ५२४५. संपलं? नाही हो! सोल्डरिंग आयर्न २८०, सोल्डर वायर १५०, मल्टिमीटर ३५०, डिसोल्डर पंप ९०, कटर-पेचकस २००, झाले १०७०. वूफर आणि ट्वीटर मनासारखे इथे मिळाले नाहीत, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, बुधवार पेठ, संध्याकाळी त्याच गाडीने परत. तिकीट, चहा, वडापाव मिळून ३२५. आता एकूण ६६४०.

वेळ मी धरलेलाच नाही. वहीत साठ तास आहेत. दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो तिथे मला तासाला शंभर रुपये मिळतात. त्या भावाने माझ्या मजुरीचे सहा हजार होतात, म्हणजे मजुरी आणि माल जवळजवळ बरोबरीत.

आणि बाजारात? दोन छोटे स्पीकर आणि एक सब-वूफर असा ब्लूटूथवाला सेट अडीच हजारांत घरपोच येतो, वर वर्षभराची वॉरंटी. माझे बाबा हिशोबाचे पक्के. त्यांनी वही बघितली आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे अडीच हजारांची वस्तू तू साडेसहा हजारांत बनवलीस." मी म्हणालो, "नाही बाबा, ती अडीच हजारांची वस्तूच नाही." मग त्यांच्या समोर बसून पुन्हा हिशोब मांडला. माझ्या स्पीकरमध्ये सहा इंची वूफर, १८ मिलिमीटरचं लाकूड आणि बारा-बारा लिटरची खोकी आहेत. अडीच हजारांच्या सेटमध्ये तीन इंची स्पीकर आणि प्लॅस्टिकची खोकी. माझ्यासारखा, लाकडी खोक्याचा तयार सेट दुकानात विचारला तर पाच हजारांच्या खाली कुणी बोलत नाही आणि वर सात-आठपर्यंत जातात. म्हणजे बरोबरी झाली तर त्या पायरीवर होते, खालच्या पायरीवर कधीच नाही. हजार-दोन हजारांची बचत करायची म्हणून कुणी हे करणार असेल, तर त्याने सरळ तयार सेट घ्यावा. हे मी सेकंड इयरच्या मुलांना आता तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

पण हजारच खिशात आहेत आणि बनवायचंच आहे, असा कुणी असेल तर त्याच्यासाठीही रस्ता आहे. तांबं टाळायचं. वरच्या सूत्रात फ्रिक्वेन्सी ५० च्या जागी लाखभर हर्ट्झ केली की ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा होतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये तेच असतं. लॅपटॉप मेला की त्याचा १९ व्होल्ट, ६५ वॉटचा अडॅप्टर घराघरांत पडून असतो, जुना विकत घेतला तरी मला अडीचशेला सांगितला. त्याच्यावर टीपीए ३११६ चिपचा क्लास-डी बोर्ड, साडेचारशे. क्लास-डीमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरलाच जाते, त्यामुळे हीट सिंक बोटभर. आपलं ५५ अंशांचं दुखणंही मिटलं! चार ओहमला घराच्या गरजेपेक्षा जास्त आवाज निघतो, फक्त दोन्ही चॅनेल मिळून अडॅप्टरच्या ६५ वॉटच्या आत राहायचं. डबा म्हणून स्टीलचा डालड्याएवढा डबा किंवा इलेक्ट्रिकचा पीव्हीसी बॉक्स. सॉकेट, नॉब धरून नऊशेत अँप्लिफायर उभा राहतो, आणि २३० व्होल्टला हात लावायची वेळच येत नाही. ट्रान्सफॉर्मरवाला करणार असाल तर मात्र फ्यूज आणि अर्थिंगच्या वायरमध्ये एक रुपयाही वाचवायचा नाही.

मग स्पीकर कुठून? ते नंतर, पैसे जमले की. तोपर्यंत जुन्या टीव्ही-टेपचे स्पीकर वापरा. कोन फाटलेला चांगला जुना वूफर भंगारात वजनावर मिळतो आणि तो रिकोन करून देणारे आपल्या गावात आहेत. चुंबक आणि बास्केट खराब होत नाहीत, आणि वूफरमधला महागाचा भाग तोच.

माझ्या वहीत आता दुसऱ्या जोडीचं पान आहे. मावसभावाने त्याच्या पुण्याच्या खोलीसाठी मागितलीय. हत्यारं आहेत, मापं आहेत, सुतारकाकांना आता नुसतं "तेच परत" सांगायचं. क्लास-डी बोर्ड धरून हा सेट ४१२० ला बसतोय, आणि तास साठाचे वीस होतील असा अंदाज आहे. पहिल्या सेटला पुढे कधी काही झालं तर आयसी पस्तीस रुपयांची आहे आणि कुठला स्क्रू कुठे आहे ते मला माहीत आहे. अडीच हजारांच्या सेटचा बोर्ड गेला तर दुकानदार वॉरंटीचं कार्ड बघतो, तारीख उलटली असेल तर मान हलवतो.

टॉवेलचे तुकडे अर्धं पोतं शिल्लक आहेत. ज्याला पाहिजेत त्याने येऊन घेऊन जावेत, फक्त आधी वूफर लॅबमध्ये मोजून यावं.